ढोलाचा ठोका आणि शून्याची हद्द

हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत, भंडाऱ्याची उधळण चालू असता, धनगरी ढोल व कैताळ एकदम निनादू लागले, की डिजिटल रेकॉर्डरवरील पातळीची खरी कसोटी लागते. कारण जुन्या चुंबकीय फितीवर मर्यादेबाहेरचा आवाज क्रमाक्रमाने बिघडत असे, येथे मात्र शून्य डेसिबलची हद्द इतकी सक्त, की तिच्यापलीकडील ध्वनितरंगाचे शिखर सपाट छाटले जाते आणि मागाहून ते हुबेहूब परत मिळत नाही. म्हणून सर्वांत जोरकस ठोकाही उणे १२ च्या आसपास राहील, असा बंदोबस्त आधीच करावा. २४ बिटांचा तात्त्विक आवाका सुमारे १४४ डेसिबलांचा असल्याने ओवीचा हलका स्वरही त्यात सुखरूप राहतो. स्वयंचलित पातळी तेवढी बंद ठेवा. ठोका पडताच ती ओवीलाही दाबून टाकते.