दिल्ली–मुंबई : अंतर आणि अवधी

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला घरून आजारपणाचा दूरध्वनी आला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो, विमानाने किती वेळ लागेल, हाच. ‘दोन तास’ हे ठरीव उत्तर खोटे नव्हे. पण त्या दोन तासांत काय मोजले आहे आणि काय मोजलेले नाही, हे जाणून घेणे हिताचे ठरते.

प्रथम अंतर पाहू. मथुरा, कोटा, रतलाम, बडोदे या मार्गाने आगगाडीला नवी दिल्लीहून मुंबई सेंट्रलपर्यंत सुमारे १,३८४ किलोमीटर जावे लागते. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सुमारे १,१४० किलोमीटरच भरेल. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर हे अंतर अवघ्या पंचाऐंशी मिनिटांत संपावयास हवे. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास अवधी दिलेला असतो.

ही तफावत का पडते? वेळापत्रकातील अवधी विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, तेथील रांग, चढताना व उतरतानाचा कमी वेग, हे सर्व त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. मुंबई दिल्लीच्या नैर्ऋत्येस असल्याने हे वारे जाताना काहीसा अडथळा करतात, तर येताना साहाय्य करतात. डिसेंबर-जानेवारीतील दिल्लीचे धुके तर सारेच हिशेब उलटवू शकते.

पूर्वीच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात होता. त्याला एवढ्या अंतरासाठी चार तासांहून अधिक वेळ लागे. जेटने आकाशातील वेळ घटविला; पण घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास, तपासणी, सामानाची प्रतीक्षा आणि पुढची वाट यांतील वेळ त्या प्रमाणात घटला नाही.

म्हणून निकडीच्या वेळी अवधी मोजावा तो दारापासून दारापर्यंत. साताऱ्याला जाणाऱ्याने पुण्याचे विमान आधी पाहावे. दिल्लीहून पुणे मुंबईपेक्षा किंचितच दूर आहे, पण पुढचा रस्ता निम्म्याहून कमी होतो. अमरावतीकराला नागपूर जवळचे. दिल्लीपासून ते हवाई मार्गाने सुमारे ८५० किलोमीटरच आहे. घरी कळविताना विमान उतरण्याची वेळ सांगू नये; उंबरठ्याशी पोहोचण्याची सांगावी. रुग्णाच्या उशाशी बसलेली माणसे त्याच वेळेवर भिस्त ठेवून असतात.