पांडुरोग

रक्तातील हीमोग्लोबिन (रक्तारुण, ऑक्सिजन वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन) वय, लिंग व शारीरिक अवस्था यांना अनुसरून असणाऱ्या प्राकृत मर्यादेपेक्षा कमी होणे, या अवस्थेला पांडुरोग किंवा रक्तक्षय असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा दर १०० मिलि. रक्तात प्रौढ पुरुषांसाठी १३ ग्रॅ., गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ग्रॅ. व गर्भवतींसाठी ११ ग्रॅ. (मधल्या तिमाहीत १०·५ ग्रॅ.) अशी मानली आहे. नावात ‘रोग’ हा शब्द असला, तरी पांडुरोग हा तापाप्रमाणेच एक निदर्शक असून त्यामागील कारण शोधल्याविना त्याचे निदान पुरे झाले असे म्हणता येत नाही. ‘अंगात रक्त नाही’ एवढ्यावरून कोणतेही शक्तिवर्धक औषध घेण्याची प्रथा म्हणूनच सदोष होय.

रक्तकोशिकांची निर्मिती : रक्तकोशिका (पेशी) हाडांतील मज्जेत तयार होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट नॉइमान यांनी १८६८ मध्ये दाखविले. गर्भावस्थेत हे कार्य प्रथम पीतक कोशात, नंतर मुख्यत्वे यकृतात व काही अंशी प्लीहेत चालते. पाचव्या महिन्याच्या सुमारास अस्थिमज्जा ते हाती घेऊ लागते. जन्माच्या वेळी जवळजवळ सर्व हाडांत रक्तोत्पादक तांबडी मज्जा असते. प्रौढपणी ती कशेरुका, उरोस्थी, बरगड्या, श्रोणीची हाडे आणि मांडी व दंड यांच्या हाडांची वरची टोके एवढ्यांतच उरते व अन्यत्र तिची जागा पिवळी, वसायुक्त मज्जा घेते.

तांबड्या कोशिका, श्वेत कोशिका व बिंबाणू ही तिन्ही एकाच प्रकारच्या मूळ कोशिकांची संतती होय. तांबडी कोशिका घडताना पूर्वगामी कोशिकेचे वारंवार विभाजन होते, ती क्रमाने लहान होत जाते, तिच्यात हीमोग्लोबिन साठते आणि शेवटी केंद्रक बाहेर टाकला जातो. अशी केंद्रकहीन परंतु अपक्व कोशिका रक्तात उतरते व एकदोन दिवसांत पक्व होते. विशिष्ट रंजक द्रव्याने तिच्यात जाळीसारखी रचना दिसते, म्हणून तिला जालिकाकोशिका म्हणतात. या कोशिकांच्या गणनेवरून मज्जा किती जोमाने काम करीत आहे, हे समजते.

उत्पादनाचे नियंत्रण मुख्यत्वे वृक्काकडे (मूत्रपिंडाकडे) असते. ऊतकांना ऑक्सिजन कमी पडू लागला की, वृक्कातून एरिथ्रोपॉयेटीन हे हॉर्मोन स्रवते व मज्जेला चालना देते. दीर्घकालीन वृक्कविकारात पांडुरोग होतो, तो प्रामुख्याने या हॉर्मोनाच्या अभावी. जनुक अभियांत्रिकीने तयार केलेले हे हॉर्मोन १९८९ पासून औषध म्हणून उपलब्ध आहे.

तांबड्या कोशिकेचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून केवळ झीज भरून काढण्यासाठी मज्जेला दर सेकंदाला सुमारे २० लाख कोशिका तयार कराव्या लागतात. जीर्ण कोशिका मुख्यत्वे प्लीहा व यकृत यांतील महाभक्षी कोशिका गिळतात आणि त्यांतील लोह पुन्हा मज्जेकडे पाठवितात. या कार्यासाठी दररोज २० ते २५ मिग्रॅ. लोह लागते; त्यांपैकी अन्नातून जेमतेम १ ते २ मिग्रॅ. मिळते व उरलेले जुन्याच साठ्यातून पुरविले जाते. इतक्या काटकसरीच्या व्यवहारात रक्तस्राव हाच मोठा अपव्यय ठरतो, कारण १ मिलि. रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिग्रॅ. लोह शरीराबाहेर जाते.

कारणे : उत्पादनातील न्यूनता, कोशिकांचा अकाली नाश आणि रक्तस्राव यांपैकी एक किंवा अनेक कारणांनी वरील जमाखर्चात तूट येते. लोहन्यूनता हे जगभर सर्वाधिक आढळणारे कारण आहे. मासिक स्राव, लागोपाठची बाळंतपणे व निकृष्ट आहार यांमुळे स्त्रियांना तिचा विशेष उपद्रव होतो. भारतातील २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७% स्त्रियांत व ६ ते ५९ महिने वयाच्या ६७·१% बालकांत पांडुरोग आढळला. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून शिरणारे अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. एका कृमीमुळे होणारी हानी क्षुल्लक असली, तरी शेकडो कृमी असल्यास लोहाचे साठे रिते होतात. माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची अनावर इच्छा लोहन्यूनतेत आढळते. चरकसंहितेत पांडूचा एक प्रकार मृद्‌भक्षणजन्य म्हणून सांगितला आहे. त्यात कारण मानलेले मातीचे भक्षण हे पुष्कळदा परिणामही असू शकते.

सर्वच न्यूनता लोहाच्या नसतात, हे ज्या संशोधनाने स्पष्ट झाले त्याचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडला. ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईस आल्या व त्यांनी गरीब गर्भवतींतील, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांमधील, तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला. या रुग्णांच्या तांबड्या कोशिका संख्येने थोड्या पण आकाराने मोठ्या होत्या. यीस्टचा अर्क (मार्माइट) दिल्यावर त्यांच्यात झपाट्याने सुधारणा झाली, असे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मार्माइट हा काही महागडा पदार्थ नव्हता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. त्यातील गुणकारी घटक म्हणजे पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळविलेले फॉलिक अम्ल होय. त्याच्या किंवा ब१२ जीवनसत्त्वाच्या अभावी कोशिकांचे विभाजन रखडते, वाढ मात्र चालूच राहते. म्हणून त्या मोठ्या होतात. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसते, त्यामुळे कडक शाकाहारी व्यक्तींत त्याची न्यूनता संभवते.

अकाली नाशाच्या गटात दात्रकोशिका पांडुरोग व थॅलॅसीमिया हे आनुवंशिक विकार येतात. महाराष्ट्रात पहिला विदर्भ व नंदुरबार-धुळे भागांत, विशेषतः भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या जमातींत आढळतो. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी रक्ततपासणी केल्यास दोन्हींचे वाहक ओळखता येतात.

लक्षणे : दम लागणे, थकवा, धडधड, चक्कर व फिकेपणा ही प्रमुख लक्षणे होत. तूट हळूहळू वाढली तर शरीर तिच्याशी जुळवून घेते व हीमोग्लोबिन ७ ग्रॅ. असतानाही स्त्रिया घरकाम व शेतकाम करीत असतात. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळचा थोडा रक्तस्रावही प्राणघातक ठरू शकतो.

निदान व उपचार : हीमोग्लोबिन, कोशिकांचा आकार, जालिकाकोशिकांची गणना आणि फेरिटीन (लोहसाठ्याचे प्रथिन) यांवरून बहुधा कारण कळते. लोहन्यूनतेत फेरस सल्फेटासारखी लोहाची संयुगे पोटात देतात. त्यांनी मळ काळा होतो. त्याला भिण्याचे कारण नाही. लिंबू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते, तर चहा त्यात अडथळा आणतो. हीमोग्लोबिन प्राकृत झाल्यावरही साठे भरण्यासाठी सुमारे तीन महिने औषध चालू ठेवावे लागते. बहुतेक रुग्ण बरे वाटताच ते सोडतात आणि तूट पुन्हा उद्‌भवते. प्रौढ पुरुषात किंवा ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रीत लोहन्यूनता आढळल्यास पचन तंत्रातील व्रण किंवा कर्करोग यांतून रक्त झिरपत नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. नुसत्या गोळ्यांनी हीमोग्लोबिन वाढते, पण रोग लपतो. ब१२ च्या न्यूनतेत केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते, परंतु तंत्रिकांची हानी वाढत जाते. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या थॅलॅसीमियाच्या रुग्णांत लोह मुळातच अतिरिक्त साठत असल्याने त्यांना ते देणे अपायकारक असून ते शरीराबाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात.