भित्तिपत्रकाची मांडणी



आमच्या शाळेचे भित्तिपत्रक दर महिन्याला निघते. लेख, कविता, कोडी सगळ्या वर्गांतली मुले देतात. ती मोठ्या कार्डशीटवर मांडायचे काम यंदा आम्हा चौथीच्या मुलामुलींकडे आहे. हे काम करता करता मला मांडणी बरीच जमू लागली. मांडणी म्हणजे काय, ते आज तुम्हांला सांगते.

पुष्कळांना वाटते, सजावट म्हणजे वेलबुट्टी, फुले आणि पाच-सहा रंग. पण गुरुजींनी पहिल्याच दिवशी आम्हांला विचारले, "पुस्तकातले बारीक अक्षर दिसले नाही तर तुम्ही काय करता?" आम्ही म्हणालो, "डोळ्यांजवळ धरतो." गुरुजी म्हणाले, "मग भिंत डोळ्यांजवळ धरता येईल का?" सगळे हसले. पण मांडणीचे सगळे गुपित त्यातच आहे. भिंत वाचणाऱ्याकडे जात नाही, म्हणून अक्षरानेच त्याच्यापर्यंत गेले पाहिजे.

मग आम्ही एक प्रयोग केला. एकच गोष्ट दोन कागदांवर लिहिली. एका कागदावर वहीतल्यासारखे अक्षर काढले, दुसऱ्यावर दीड सेंटीमीटर उंच. दोन्ही कागद भिंतीला लावले आणि तीन पावलांवर खडूने रेघ मारली. जो येईल त्याला रेघेवर उभे करून वाचायला सांगितले. माझी आजीपण आली होती. ती म्हातारपणी साक्षरता वर्गात अक्षरे शिकली. पहिला कागद पाहून ती म्हणाली, "हाई ते मुंग्यास्नी रांग शे." दुसऱ्या कागदाकडे वळली आणि एकेक अक्षर लावत म्हणाली, "हाई माले वाचता येस." गोष्ट तीच होती, फक्त मांडणी वेगळी होती. तेव्हापासून आमचा मजकूर दीड सेंटीमीटरचा आणि मथळा चार सेंटीमीटरचा असतो.

दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. आपल्या मराठी अक्षराला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार येतात. खाली उकार येतात. 'सूर्यफूल' हा शब्द लिहून पाहा, म्हणजे कळेल. ओळी चिकटून लिहिल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. म्हणून अक्षर जेवढे उंच, तेवढीच जागा आम्ही दोन ओळींत मोकळी सोडतो. आधी पेन्सिलीने फिक्या रेघा मारायच्या आणि शाई वाळली की खोडून टाकायच्या.

तिसरी गोष्ट समासाची. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. ते १९२७ साली स्थापन झाले. तिथे जुन्या पोथ्या आणि कागदपत्रे जपून ठेवली आहेत. जुन्या पोथ्यांत मजकुराच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा असते. कडा झिजल्या, फाटल्या तरी मजकूर वाचतो. आमच्या कार्डशीटचे कोपरेही टाचण्यांनी फाटतात. म्हणून आम्ही चारही बाजूंना चार बोटे समास सोडतो.

चौथी गोष्ट रकान्यांची. ओळ फार लांब झाली की वाचणाऱ्याला ओळीच्या शेवटून परत पुढची ओळ सापडत नाही. वर्तमानपत्रात म्हणूनच रकाने असतात. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा. आम्हीसुद्धा कार्डशीटचे उभे दोन भाग करतो.

पाचवी गोष्ट चित्राची. चित्राने लेखाला मदत केली पाहिजे. आपल्या जळगावची केळी सगळीकडे प्रसिद्ध आहे. गेल्या महिन्यात केळीवर लेख होता, तर त्याला गुलाबाचे फूल कशाला? आम्ही केळीचा खांब आडवा कापल्यावर कसा दिसतो, ते काढले. तो खांब म्हणजे खरे खोड नसते. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून तो तयार होतो. हे लिहून सांगायला चार ओळी लागतात, पण चित्रात एकदम दिसते.

रंगाचेही तसेच आहे. पांढऱ्या कागदावर पिवळे अक्षर लांबून दिसतच नाही. म्हणून मजकूर काळा किंवा गडद निळा आणि मथळा लाल. पिवळा रंग चित्रात भरायचा.

सगळ्यात अवघड म्हणजे मजकूर मावला नाही तर काय करायचे? अक्षर बारीक करून सगळे कोंबता येते, पण मग आजीसारख्यांना वाचता येणार नाही. म्हणून आम्ही ठरवले, की एखादे लिखाण पुढच्या अंकासाठी ठेवायचे, पण अक्षर लहान करायचे नाही. या खेपेला माझेच कोडे पुढच्या महिन्यावर गेले. थोडे वाईट वाटले, पण नियम सर्वांना सारखा.

हाताने लिहून अंक काढणे आपल्या खानदेशाला नवे नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढले. पुढे १९२८ साली 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. शाळेत शिकवायचे, मुलांची काळजी घ्यायची आणि वर हातांनी दैनिक लिहायचे, हे केवढे काम! आम्हांला तर महिन्याला एक अंक काढताना दमायला होते.

मित्रांनो, छान अक्षर म्हणजे नुसते वळणदार अक्षर नव्हे. जे दुसऱ्याला सहज वाचता येते, ते छान अक्षर. आता तुम्ही तीन पावले मागे सरका आणि हा लेख वाचून पाहा. पालकांनो, एखादी ओळ दिसली नाही तर आम्हांला जरूर सांगा. पुढच्या अंकात ती मोठी करू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी