यीस्ट कोशिकेच्या आकाराचे जीननियंत्रण

सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या एककोशिक कवकाची (बुरशीसारख्या वनस्पतीची नव्हे, तर स्वतंत्र सृष्टीतील सजीवाची) कोशिका अंडाकार असून तिचा व्यास सु. ५ ते १० मायक्रॉन असतो. कोकणातील माडी व ताडी आंबण्यात या जातीचा मोठा वाटा असतो. पाव फुगविण्यासाठीही हीच जाती वापरतात. हिची कोशिका दोन समान भागांत विभागत नाही. तिच्या पृष्ठावर मुकुल (कळीसारखा फुगवटा) येतो, तो वाढतो व कालांतराने अलग होतो.

कोशिकेला आकार देते ती ग्लुकान, मॅनोप्रथिने व अल्प कायटिन यांची भित्ती. एंझाइमांनी ती विरघळविली, तर उरलेला जीवद्रव्याचा गोळा वाटोळा होतो. त्यामुळे ‘अंडाकाराचा जीन’ असा कोणताही एक जीन नाही. नवी भित्ती कोठे, केव्हा व किती काळ घालावयाची, एवढेच जीन ठरवितात आणि आकार हा त्याचा परिणाम होय.

या प्रश्नाची वाट अनपेक्षित ठिकाणाहून निघाली. लेलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास कोशिकाविभाजन अडणारे उत्परिवर्ती (जीनात बदल झालेले) वाण शोधले. ते सु. २३° से. तापमानास नीट वाढत, पण ३६° से.ला अडत. त्यांपैकी सीडीसी २४ या जीनाच्या उत्परिवर्तींत मुकुल येतच नसे. प्रकलाचे विभाजन मात्र चालू राही, कोशिका मोठी व वाटोळी होई आणि कायटिन सर्व भित्तीभर पसरे. वाढ थांबली नव्हती, तिची दिशा हरवली होती. जॉन प्रिंगल व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सीडीसी ४२ या जीनाचे वर्णन केले. त्याचे १९१ ॲमिनो अम्लांचे प्रथिन कोशिकापटलावर एका बिंदूपाशी गोळा होते आणि सीडीसी २४ चे प्रथिन त्याला कार्यान्वित करते. तेथून ॲक्टिनाचे तंतू निघतात व त्यांवरून भित्तीची सामग्री वाहणाऱ्या पुटिका मुकुलाकडे जातात. मानवातील याच प्रथिनाचे यीस्टमधील प्रथिनाशी सु. ८०% साम्य आहे.

मुकुल कोठे यावा, हे वेगळे जीन ठरवितात. एकगुणित कोशिकेत तो मागील मुकुलाच्या व्रणाशेजारी, तर द्विगुणित कोशिकेत दोहोंपैकी एका टोकास येतो. बीयूडी १ हा जीन निकामी झाल्यास जागा यादृच्छिक होते, पण मुकुलाचा आकार बिघडत नाही. जागा व आकार ही दोन निराळी कामे आहेत, याचा हा सुबोध पुरावा होय.

मानेपाशी सेप्टिन प्रथिनांचे कडे असते. ते न बनल्यास मुकुल लांबट होतो. काळाचे नियंत्रण सायक्लिन प्रथिनांकडे असते : आरंभीची सायक्लिने मुकुलाचे टोक वाढवितात, नंतरची त्याला सर्व बाजूंनी फुगवितात. ही अदलाबदल लांबली, की मुकुल काकडीसारखा होतो.

परिस्थितीनुसारही आकार पालटतो. विरुद्ध लिंगप्रकाराच्या कोशिकेचे संप्रेरक जाणवताच एकगुणित कोशिका त्या दिशेने निमुळती होते. नायट्रोजनाची टंचाई असता द्विगुणित कोशिका लांबट होऊन साखळ्या करतात, असे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. प्रयोगशाळांतील सर्वाधिक प्रचलित वाणात हा गुण आढळत नाही, कारण त्यातील एफएलओ ८ हा जीन सदोष आहे. प्रयोगासाठी सोयीचा वाण निवडताना निसर्गातील एक वर्तन असे नजरेआड झाले होते.

जपानमध्ये योशिकाझू ओह्या व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एकेक जीन वगळलेल्या ४,७१८ वाणांची छायाचित्रे संगणकाने मोजली, सु. निम्म्या वाणांत आकाराच्या एखाद्या तरी मापात फरक आढळला. यांपैकी बहुतेक जीनांचा आकाराशी संबंध दूरचा असावा, हे उघड आहे.

मानवाला रोगकारक असलेल्या कँडिडा अल्बिकन्स या यीस्टमध्ये हा विषय वैद्यकीय महत्त्वाचा ठरतो. तंतुरूप धारण करण्यास लागणारे दोन नियंत्रक जीन निकामी केलेला वाण उंदरांना मारू शकला नाही, असे १९९७ मध्ये आढळले. मात्र हे जीन इतर कार्येही नियंत्रित करीत असल्याने सर्व श्रेय आकारालाच देता येत नाही. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बेंजामिनिएला पोयट्रासी या द्विरूपी कवकाच्या यीस्टरूप व तंतुरूप अवस्थांमधील संक्रमणाचा अभ्यास झाला असून त्यात कायटिन घडविणारी व ग्लुटामेटाच्या चयापचयातील एंझाइमे तपासण्यात आली.