थंडीतली उदासी: आळस म्हणायचं की आजार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून नाशकात घरूनच कोड लिहिणारा माणूस आहे. पण दर डिसेंबरात आमच्या ग्रुपवर एक-दोन जण हळूहळू गप्प होतात. रिप्लाय येत नाही, रविवारची मिसळ चुकते, विचारलं तर 'काही नाही रे, थंडी आहे' एवढंच उत्तर. बहुतेकदा ती खरंच थंडी असते. पण कधीकधी ते डिप्रेशन असतं, आणि ते ओळखता आलं पाहिजे.

हे नक्की काय असतं?

याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात सॅड. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. गंमत म्हणजे रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे, म्हणजे भरपूर उन्हातले. न्यूयॉर्कला गेल्यावर हिवाळ्यात आपलं अंग आणि मन दोन्ही मंदावतंय, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं.

आज डॉक्टर याला वेगळा आजार मानत नाहीत. हे डिप्रेशनच, फक्त ठरावीक ऋतूत येणारं आणि ऋतू बदलला की ओसरणारं. निदान करताना किमान सलग दोन वर्षं हाच पॅटर्न दिसतोय का, हे पाहतात.

त्यामागे प्रकाश आहे. डोळ्यात शिरणारा सकाळचा उजेड मेंदूतल्या घड्याळाला सांगतो, 'दिवस सुरू झाला.' मग झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं. हा सिग्नल उशिरा किंवा अपुरा मिळाला की घड्याळ मागे पडतं, आणि झोप, भूक, मूड सगळंच घसरू शकतं.

पण नाशकात ऊन कमी आहे का?

नाही ना! एडिनबरासारख्या शहरात डिसेंबरातला दिवस जेमतेम सात तासांचा. तिकडे ऑनसाइट गेलेल्या आपल्या मुलामुलींना पहिला हिवाळा जड जातो तो त्यामुळेच. नाशिकमध्ये २१ डिसेंबरलाही सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. म्हणजे अकरा तासांचा दिवस, वर आकाश बहुधा स्वच्छ. त्यामुळे पुस्तकातलं सॅड आपल्याकडे तसं कमी अपेक्षित आहे.

मग अडतं कुठे? आपल्या कॅलेंडरमध्ये.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्कच्या टीमचा सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असायचा, तो साडेसातला येतो. कॅलिफोर्नियाचा असेल तर रात्री साडेनऊचा साडेदहाला. मार्चपर्यंत हे असंच चालतं. म्हणजे ऐन थंडीत आपली रात्र तासभर लांबते. मग झोपायला दोन, उठायला साडेदहा. गारठा म्हणून खिडकी बंद, पडदा ओढलेला. बाहेर पडेपर्यंत सहा वाजलेले, अंधार. गोदाकाठावर अकरा तास ऊन होतं, आपल्या वाट्याला दहा मिनिटंही आलं नाही.

या दिनक्रमाला लगेच सॅड म्हणू नका. पण ज्याला मुळात डिप्रेशनचा धोका आहे, त्याला अशी बिघडलेली झोप आणि अंधारी खोली आणखी खाली ओढू शकते.

आळस आणि आजार यात फरक कसा ओळखायचा?

निफाडचा पारा घसरला की पांघरूण सोडवत नाही, हे नॉर्मल आहे. असा आळस चहा, ऊन, चार मित्र यांनी जातो. डिप्रेशन तसं जात नाही. या गोष्टी पाहा:

- दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास किंवा रिकामं वाटणं
- क्रिकेट, गाणी, ट्रेक, जे आवडायचं त्यात रस न उरणं
- दहा तास झोपूनही थकवा
- गोड आणि पिठूळ खाण्याची सतत ओढ, वजन वाढणं
- लोकांना टाळणं, साधं काम रेंगाळणं, 'मी काही कामाचा नाही' असं वाटत राहणं

झोप आणि भूक वाढणं ही हिवाळी प्रकारात जास्त दिसणारी लक्षणं. काहींची मात्र उलट कमी होते.

फोनवर साधा लॉग ठेवा: झोपलो कधी, उठलो कधी, बाहेर किती मिनिटं, मूड दहापैकी किती. डॉक्टरकडे जाताना 'बरं वाटत नाही' यापेक्षा तीन आठवड्यांचा लॉग जास्त बोलतो.

उपाय काय?

पहिला उपाय फुकट आहे. उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर. घरातल्या दिव्याखाली साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो, तर बाहेर सावलीतही काही हजार. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोदापार्क, नाहीतर सोसायटीची गच्ची, काहीही चालेल. सूर्याकडे थेट बघायचं नाही. उशिराची शिफ्ट असेल, तर निदान उठल्याबरोबर पडदा उघडा आणि पहिला चहा बाहेर प्या.

परदेशात असाल तर १०,००० लक्सचा लाइट बॉक्स मिळतो. सकाळी २० ते ३० मिनिटं तो समोर ठेवून बसतात. बायपोलर किंवा डोळ्यांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हा दिवा ड जीवनसत्त्वासाठी नसतो, त्याचा परिणाम डोळ्यांमार्फत होतो.

दुसरा उपाय, व्यायाम आणि माणसं. मूड येण्याची वाट बघू नका. वेळ ठरवा, मित्राला सांगा, तो दारात येऊन उभा राहू दे.

तिसरा, डॉक्टर. लक्षणं दोन आठवडे टिकली किंवा काम, नाती बिघडायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. थायरॉइड, हिमोग्लोबिन वगैरे तपासून घेतील, कारण थकवा त्यानेही येतो. सीबीटी नावाचं समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधं, दोन्ही उपयोगी पडतात. औषध स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. खर्चाची चिंता असेल, तर सरकारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. लगेच १४४१६ ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात वाटला तर ११२, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

घरी कसं सांगायचं?

आई म्हणणार, 'लवकर झोपत जा, सगळं ठीक होईल.' ती अर्धी बरोबर आहे, म्हणून वाद घालू नका. 'आई, तीन आठवडे झाले, आवडीचं काही करावंसं वाटत नाही. डॉक्टरकडे माझ्यासोबत येशील?' असं सरळ विचारा. सोबत मागितली की घरचे सल्ला सोडून चप्पल घालतात.

आणि ग्रुपवर कुणी गप्प झालं असेल, तर मीम पाठवू नका, फोन करा. शंका असेल तर 'जीव द्यावासा वाटतो का?' हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते.

एपिसोड आवडला तर त्या गप्प मित्राला पाठवा, पण फोन केल्यानंतर. भेटू पुढच्या भागात!