महाबळेश्वर : हवा, पाणी आणि पहाटेची आवक

(पुण्यात मार्केट यार्ड परिसरात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय आहे महाबळेश्वरचा इतिहास आणि तिथली प्रेक्षणीय स्थळं. तुमच्यातले बहुतेक जण एकदा तरी तिथे जाऊन आले असतील. पण इथे मार्केट यार्डात बसलेल्यांचं महाबळेश्वरशी आणखी एक नातं आहे. आपण वर्षातून दोन दिवस तिथे जातो, आणि हंगामात तिथला माल रोज पहाटे आपल्या गाळ्यावर येतो. हे दोन्ही धागे एकत्र धरले तरच ते गाव नीट समजतं. म्हणून पॉइंटांची यादी जरा मागे ठेवतो आणि आधी हे सांगतो, की हे गाव वसलं कसं आणि कशावर जगतं.

हवा खायला जायचं म्हणजे काय?

‘हवा खायला जाणं’, ‘हवापालट’, ‘थंड हवेचं ठिकाण’ हे शब्द आपण सहज वापरतो. यात हवा हे औषध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरही असंच मानत. ताप दूषित हवेने येतो, अशी समजूत होती. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. डास हिवताप पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं ते १८९७ साली. तोवर आजारी गोऱ्या सैनिकाला डोंगरावर पाठवायचं, हा एक उपाय होता. डोंगरावर डास कमी, म्हणून माणूस बरा व्हायचाही. कारण चुकीचं, पण गुण यायचा!

थंडाव्याचं गणितही साधं आहे. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, तर महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. म्हणजे आपल्यापेक्षा तिथे साधारण पाच अंश कमी. एप्रिलमध्ये हे पाच अंश फार मोठे वाटतात.

इंग्रजांच्या आधी

इंग्रजांनी महाबळेश्वर ‘शोधलं’ असं पाटीवर लिहिलेलं असतं. पण जे हरवलेलंच नव्हतं ते शोधणार काय? क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं महाबळेश्वर, हे त्याआधी कितीतरी शतकं तीर्थस्थान होतं. तिथे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. यातली कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरमाथ्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. वेण्णा पुढे माहुलीला कृष्णेला भेटते आणि कोयना कराडला.

हा सगळा जावळीचा मुलूख. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचं प्रकरण झालं. १६६५ साली महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती याच महाबळेश्वरी.

डोंगरात कोळी, धनगर, कुळवाडी राहत. धावड नावाचा मुसलमान समाज इथल्या दगडातून लोखंड गाळत असे. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येईल.

माल्कम पेठ

१८२४ साली साताऱ्याच्या फौजेतले लॉडविक नावाचे अधिकारी हा डोंगर चढून आले. आजचा लॉडविक पॉइंट त्यांच्याच नावाचा. मग साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी घर बांधलं, रस्ता झाला. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी सैनिकांसाठी इथे रुग्णालय चालवून पाहिलं. प्रयोग जमला. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला. हा डोंगर कंपनी सरकारकडे आणि त्याबदल्यात वाई प्रांतातलं खंडाळा गाव महाराजांकडे. नव्या वस्तीचं नाव पडलं माल्कम पेठ. आज आपण जिथे चणे, चिक्की आणि चपला घेतो, तीच ही बाजारपेठ.

पुढची गोष्ट पाटीवर नसते. डोंगर देणाऱ्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या जागी आलेले त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधवला. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. आपण ज्या तळ्यात नाव वल्हवतो ते अशा विझत चाललेल्या गादीने बांधलेलं आहे. आणि ते नौकाविहारासाठी नाही, पाण्यासाठी बांधलेलं आहे.

मुंबई सरकारचं वर्ष मग तीन ठिकाणी विभागलं गेलं. हिवाळा मुंबईला, उन्हाळा महाबळेश्वरला आणि पावसाळा आपल्या पुण्याला. गव्हर्नर आले की कारकून आले, घोडे आले, खानसामे आले. त्यांना बटाटे, भाजी, फळं हवीत. त्या काळी इथे एक तुरुंग होता आणि त्यात चिनी व मलायी कैदी ठेवलेले असत. तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी वेताच्या वस्तू केल्या आणि बटाट्याची, विलायती भाज्यांची बागायत इथे रुजवली. म्हणजे महाबळेश्वरच्या शेतमालाच्या व्यापाराचे आद्य माळी हे बेड्यांतले परदेशी लोक होते.

आणि धावड? जंगल राखीव झालं, कोळसा मिळेना, भट्ट्या थंडावल्या. पाहुण्यांसाठी झाडी राखली गेली ती चांगलीच गोष्ट. पण तिची किंमत कुणी मोजली, हेही सांगायला हवं.

पाचगणी : शेजारीण, पण स्वभाव वेगळा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या आसपास. जूनमध्ये तिथली घरं गवताचे पडदे बांधून झाकून घ्यावी लागत. साहेबलोकांना प्रश्न पडला, की पावसाळ्यात राहायचं कुठे? उत्तर वीसेक किलोमीटरवर होतं. ढग मुख्य माथ्यावर रिकामे होतात आणि मागच्या पाचगणीला कितीतरी कमी पाऊस मिळतो. १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधोमध ही वस्ती उभी केली आणि सिल्व्हर ओकची झाडं लावली. वर्षभर राहता येतं म्हणून तिथे शाळा आल्या. किमिन्स आली, १८९५ मध्ये सेंट जोसेफ्स. कोरडी हवा क्षयाला चांगली म्हणून १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं आल्यावर क्षयासाठी हवापालटाची गरज संपत गेली. पण शाळा टिकल्या.

यातून एक धडा मिळतो. जे गाव एकाच हंगामावर आणि एकाच प्रकारच्या पाहुण्यावर जगतं, त्याचं दुकान त्या पाहुण्याबरोबर उठतं. गव्हर्नर गेले तरी महाबळेश्वर उठलं नाही, याला पर्यटकांइतकंच शेतही कारण आहे.

लाल माल

स्ट्रॉबेरी इंग्रजांबरोबर आली, पण तिचं सोनं केलं इथल्या शेतकऱ्याने. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागण आणि डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडा. रोपं मात्र पावसाळ्यात महाबळेश्वरला तग धरत नाहीत, म्हणून ती खाली वाईच्या बाजूला वाढवतात. तिथे पाऊस बेताचा. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या आडत्यांना आणि हमालांना मी काय सांगावं? हा माल थांबत नाही. संध्याकाळी तोडा, रात्री टेम्पो, पहाटे गाळा. दुपारपर्यंत विकला नाही तर भाव पडतोच.

त्याच्या जोडीला गाजर, लाल मुळा, तुती, रासबेरी. आणि मध. मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पाचगणीजवळचं भिलार हे मूळचं स्ट्रॉबेरीचं गाव २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. लोकांच्या घरात पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही जाऊन वाचावं. पाहुण्याला शेतापर्यंत आणि घरापर्यंत आणणाऱ्या या वाटा आहेत.

मग अडचण कुठे आहे?

अडचण पाण्यात आहे. एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात टंचाई का, असं सगळे विचारतात. माथ्यावर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो आणि खाली काळ्या कातळाशी आला की झऱ्यांतून बाहेर पडून उतारावरून निघून जातो. ते पाणी धरून ठेवते झाडी आणि तिच्याखालची माती. झाडी तुटली, उतार खणला, की झरा लवकर आटतो. म्हणून १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि बांधकामावर बंधनं आली.

आता कॅलेंडर बघा. स्ट्रॉबेरीला पाणी लागतं नोव्हेंबर ते एप्रिल. हॉटेलांची गर्दी दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे. म्हणजे शेत आणि खोली एकाच महिन्यांत एकाच डोंगराकडे पाणी मागतात. खोलीचं भाडं जास्त, म्हणून ओढा तिकडे. पण शेत मोडलं तर गाव पुन्हा एका पाहुण्यावर जगू लागेल, आणि आपल्या गाळ्यावर पहाटे काही उतरणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*पहिल्यांदा जाणाऱ्याने काय पाहावं?*

दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी सकाळी क्षेत्र महाबळेश्वर आणि शेजारचं दगडी कृष्णाबाई मंदिर. तिथून पुढे आर्थर सीटला सावित्रीची दरी. दुसऱ्या दिवशी वीसेक किलोमीटरवरचा प्रतापगड. उतरताना पाचगणीचं टेबललँड. हे पठार म्हणजे जांभ्याचंच झाकण आहे, मघाशी सांगितलेली पाण्याची गोष्ट तिथे पायाखाली दिसेल.

*आम्ही व्यापाऱ्यांनी यात करायचं काय?*

गेलात तर शनिवार-रविवार टाळा. पसरणी घाटही मोकळा मिळेल आणि तळ्यावरचा ताणही कमी होईल. खोली घेताना पाणी कुठून येतं एवढं विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालक विचार करायला लागतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. आणि स्ट्रॉबेरीला भाव देताना तिच्यामागचा झरा मोजा.