बॉयलर की शेगडी?

अमेरिकेतल्या मेन राज्यात आमचं घर तेलाच्या बॉयलरवर तापतं. २०२२ साली तेल गॅलनला ५ डॉलरच्या वर गेलं, तेव्हा हे म्हणाले, ‘‘पेलेटची शेगडी घेऊ या!’’

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. टनभर पेलेटमध्ये साधारण १२० गॅलन तेलाइतकी ऊब. पण टन म्हणजे ४० पौंडांच्या ५० पिशव्या! साठी उलटलेल्या आम्हा दोघांत त्या उचलणार कोण? शिवाय शेगडी तापवणार बैठकीची खोली. बॉयलर बंद राहिला, तर तळघरातले नळ गोठून फुटायचे. वीज गेली तर दोन्ही थंड.

शेवटी शेगडी आणली, बॉयलरही ठेवला. रात्री तो थोडा वेळ चालवतो. पेलेट मी बादलीनं अर्धी अर्धी पिशवी आणते. राख मात्र ह्यांनी काढायची!